काळजातली कच्ची जागा

मी भीमराजच्या हृदयातली एक स्नायूपेशी बोलतेय. आवळायचं, सैल व्हायचं, पुन्हा आवळायचं, एवढाच माझा धंदा. बाहेरचं मला दिसत नाही. कानावर पडतं तेवढं ऐकते, उरलेलं रक्त सांगतं.

तो आईच्या पोटात होता तेव्हा आमची चैन होती. एकीच्या दोन, दोघींच्या चार होत होतो. तो जन्मला आणि थोड्याच दिवसांत हे दुभंगणं जवळजवळ थांबलं. कातडीला नव्या पेशी मिळत राहिल्या, आम्ही मात्र होतो तेवढ्याच राहिलो, फक्त आकारानं वाढलो. क्वचित एखादी नवी येते, पण तिच्या भरवशावर कोणी राहू नये.

१९६४ साली भीमराज पिंपरीच्या एका कारखान्यात लागला. तापलं लोखंड ठोकायचं खातं, वर ओव्हरटाइम. रक्तदाब कधी चढला ते त्याला कळलंच नाही. त्या दाबानं मी जाड झाले. शेजारणी याला ताकद म्हणायच्या. मला ते ओझं वाटायचं, कारण जाडीबरोबर भूक वाढली आणि रक्त होतं तेवढंच राहिलं.

१९७९च्या उन्हाळ्यात आमच्याकडे येणारी रक्तवाहिनी तुंबली. छातीत कळ आली, तर हा गडी म्हणतो पित्त झालंय, आणि सोडा पिऊन परत कामावर उभा. त्या दुपारी माझ्या शेजारणी गुदमरून गेल्या. मी काठावर होते म्हणून वाचले. त्यांची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो.

शेवटी दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तिथून तो काळेवाडीत घरी आला. गेलेल्यांच्या जागी व्रण धरत होता, पण तो अजून ओला होता. आतली जखम ओली आहे, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी दोघां नवराबायकोला बजावलं होतं. कळ थांबली म्हणजे दुखणं गेलं, असं मात्र यानं ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात वस्तीच्या बुद्धविहाराच्या छताचा स्लॅब ओतायचा होता. सुट्टीच्या दिवशी राबून लोकांनी उभारलेला विहार. स्लॅब एकदा सुरू केला की थांबवता येत नाही, म्हणून काँक्रीटची घमेली हातोहात द्यायला रांग लागली. रांगेत माणूस कमी पडला, तसा भीमराज उठला. त्याची बायको कस्तुरा बसा म्हणाली.

"समाजाचं काम हाय. मी बघत बसू व्हय?" म्हणून तो रांगेत शिरला.

पहिलं घमेलं हातात आलं. दाब चढला आणि कच्ची जागा ताणून बाहेर फुगू लागली. आम्ही उरलेल्या जीव तोडून आवळत होतो. मला ओरडता येत नाही. एक ठोका चुकला, मग आणखी एक. त्याला दरदरून घाम फुटला, तरी दुसऱ्या घमेल्यासाठी त्यानं हात पुढे केले. मी फार घाबरले होते.

कस्तुरानं ते घमेलं मधेच धरलं. आवाज चढवला नाही.

"स्लॅब आज वतला. खालच्या फळ्या उद्या काढाल का?"

"कशा काढीन? खाली येईल की सगळा."

"मग तुमच्या छातीतला अजून वला हाय. त्याच्या फळ्या आजच का काढताय?"

तो रांगेतून बाहेर आला. तिथंच बाजूला बसला. त्याची जागा तिनं घेतली आणि आम्हाला हळूहळू दम मिळाला.

पुढे स्लॅबला पाणी मारायचं काम वस्तीनं त्याला दिलं. पाइप धरून तो बसलेला असायचा. तिकडे स्लॅब घट्ट होत गेला, इकडे व्रण.

आज १९८२ साल आहे. व्रण टिकलाय, पण तो आवळत नाही. त्याच्या वाटचं काम आमच्यावर आलं, म्हणून मी आणखी जाड झालेय आणि लवकर दमते. विहारात जड सतरंजी उचलायला कुणी हाक मारली की भीमराजचा हात आधी छातीवर येतो. बाबा रे, तो असाच येऊ दे. तुझी जागा घ्यायला त्या दिवशी कस्तुरा होती. माझ्यामागे रांगेत कुणी उभं नाही.