मांजरपाटावरची अक्षरं

श्रेयसचं लग्न करोनापायी दोनदा पुढं गेलं आणि अखेर २०२२ च्या मे महिन्यात उरकलं. त्या वर्षी रूपाली सून म्हणून पलूसजवळच्या गावात आली आणि तिच्या सासूला, आक्काताईला, नाक मुरडायला घरातच हक्काचं माणूस मिळालं.

तोवर तिला त्यासाठी शेजारीपाजारी बघावं लागायचं. गावातल्या बाकीच्या बायका टाके घालत नाहीत, कुंपणाला काट्या लावतात, असं ती उघड म्हणायची. चाळीस वर्षं गावाची झबली, परकर, चोळ्या तिच्याच मशीनवर शिवल्या गेल्या होत्या. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती. शिकलेल्या बायकांना साधी बाही लावता येत नाही, मग त्या शिकून काय करतात, असा तिचा प्रश्न असायचा.

रूपाली साताऱ्याची, बापाचं कापडदुकान. तिनं मोबाइलवर बघून स्वयंपाकघरात टांगायच्या भाजीच्या पिशव्या हातानंच शिवायला घेतल्या; मशीनवर आक्काताई तिला बसू देत नव्हती. मागं मांजरपाट, पुढं जाळी, वर खुंटीला अडकवायचा बंद. आक्काताईनं पहिली पिशवी दोन बोटांत धरून उलटी केली.

"हिला खालनं तोंड कुटं हाय?"

रूपालीनं पिशवी हातात घेऊन तळ चाचपला.

"भाजी वरनं भरायची आन् खालनं काढायची. न्हाईतर जुनी तळाला बसून कुजती. तुज्या मोबाइलला जेवाय लागत न्हाई, त्याला काय कळतंय?"

रूपालीनं मुकाट्यानं तळाला नाडीचं तोंड केलं. ते वाकडं झालं. आक्काताईनं ते उसवून ठेवलं, पण कसं करायचं ते सांगितलं नाही.

रूपालीची स्वतःची म्हणून एकच करामत होती. ती रंगीत कापडाची अक्षरं कातरायची आणि प्रत्येक पिशवीवर भाजीचं नाव शिवायची. पलूसच्या एका दुकानानं अशा पिशव्या मागवल्या. मग भाद्रपदात गल्लीतल्या बनुबाईचं अनंतव्रताचं उद्यापन आलं. एकवीस बायकांना वाण द्यायचं होतं. बनुबाई दारात आली आणि आक्काताईलाच म्हणाली, "पिशव्या तुमच्या सूनबाईंनी शिवायच्या बरं का."

चाळीस वर्षांत त्या गावात आक्काताईच्या तोंडावर दुसरीच्या हातचं शिवण कुणी मागितलं नव्हतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात वडील आजारी म्हणून रूपाली साताऱ्याला गेली. जाताना सासूला सांगून गेली, "आत्ती, अक्षरांची दोन पुडकी कपाटात आहेत. मी आल्यावर लावते."

मी आल्यावर म्हणे! आक्काताईनं त्याच दुपारी कापड बेतलं. चार दिवसांत एकवीस पिशव्या तयार झाल्या, तळाची तोंडं एकसारखी, नाडी सुळ्ळकन सरकणारी. अक्षरं तर एकेक नाव कागदाच्या पट्टीवर टाचून ठेवलेलीच होती. फूलपत्ती लावतात तशी लावायची, त्यात सातवी-आठवी कशाला पाहिजे? दोन पुडक्यांतलं तिनं वरचं घेतलं. नवरा, पायगोंडा, ओसरीवर पेपर वाचत बसलेला होता. त्याला विचारणं तिला कमीपणाचं वाटलं. उद्यापनादिवशी सकाळीच गठ्ठा बांधून तिनं बनुबाईकडं पोचता केला.

रूपाली दुपारी एसटीतून उतरली ती थेट बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात गेली. पूजा आटोपली होती, वाण वाटून झालं होतं आणि मांडीवर पिशव्या उलगडून बायका तोंडाला पदर लावत होत्या. कंदमुळाचा त्याग केलेल्या बायका त्या. एकीच्या मांडीवर कांदा, दुसरीच्या बटाटा, आणि यजमानीण बनुबाईनं बघायला घेतलेल्या पिशवीवर लसूण. पलूसच्या दुकानासाठीचं पुडकं लागलं होतं आणि दोडका-गवारीचं घरी कपाटातच राहिलं होतं.

आक्काताईला हसू कळलं, कारण कळलं नाही. एवढी सुबक शिवण बघून हसणाऱ्या बायकांची तिला कीवच आली. मग बनुबाईनं तिला, बहिऱ्याला सांगावं तसं, नाव वाचून दाखवलं.

रूपाली पुढं झाली. "काकी, चूक माझी आहे. पुडक्यांवर खूण करायची राहिली."

बायका लगेच चुकचुकल्या. नवी आहे, पोरसवदा आहे, होतं असं. आक्काताईनं नुसतं गप्प बसायचं होतं. गावची शिंपीण म्हणून तिचं नाव जिथल्या तिथं राहिलं असतं. पण जिला मशीनवर बसू दिलं नाही त्या पोरीनं आपल्यावर पांघरूण घालावं, हे तिला त्या हसण्याहून जास्त झोंबलं.

"तिची न्हाई," ती म्हणाली. "शिवल्यात मी. मला वाचाय येत न्हाई."

आक्काताईनं पिशव्या गोळा केल्या, कात्री मागून घेतली आणि तिथंच खांबाला टेकून अक्षरं उसवायला बसली. मदतीला सरसावलेल्या बायकांना तिनं हातानंच परतवलं. असल्या हातांनी कापड फाटलं असतं. रूपाली न विचारता शेजारी बसली. तिला तिनं उठवलं नाही. थोड्या वेळानं एक पिशवी तिच्यापुढं सरकवून विचारलं, "हे काय लिवलंय?"

"लसूण."

आक्काताईनं अक्षरं हातभर लांब धरून बघितली. "ह्यात लसणावानी काय बी दिसत न्हाई," ती म्हणाली, आणि उसवत राहिली.

त्यानंतर दोन वर्षं दोघी एकाच मशीनवर शिवत होत्या. नाव लावायचं आलं की आक्काताई पट्टी सुनेपुढं टाकायची आणि तिच्याकडं न बघता विचारायची, "हे काय?" सांगितलेलं पटल्यासारखं तोंड तिनं एकदाही केलं नाही.

आक्काताई २०२४ च्या डिसेंबरात, एका मंगळवारी सकाळी, झोपेतच वारली.