टाकीवरचा शालिग्राम

धर्मपाल गजभिये यांनी चौतीस वर्षं नकाशे गिरवले. नवी राजधानी अजून कागदावरच होती तेव्हा तिचे रस्ते, चौक, बागा सगळं त्यांच्या हाताखालून ट्रेसिंग पेपरवर उतरलं. नोकरी गिरवण्याची, आपल्या मनाचं त्यात काही घालायचं नाही. साहेबांनी तळं काढलं की तळं काढायचं, साहेबांनी तळं रद्द केलं की ब्लेडने खरवडायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हट्टाने त्याच नव्या रायपुरात, सेक्टर सत्तावीसमध्ये, तिसऱ्या माळ्यावर फ्लॅट घेतला. खिडकीतून रस्ता दिसे, तो इतका रुंद की पलीकडे जाणाऱ्या गाई मध्ये एकदा बसून घेत. इमारतीत चोवीस फ्लॅट आणि राहती घरं नऊ. त्या नऊ घरांतली माणसं जिन्यात समोरासमोर आली तर नमस्ते म्हणून लगबगीने किल्ल्या शोधायला लागत.

बायको वारल्यावर घर फारच मोठं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात बहिणीची मुलगी पिंकी शांत जागा हवी म्हणून त्यांच्याकडे राहायला आली. कॉम्प्युटरवरचा एक खेळ ती बनवत होती. रिकाम्या माळावर गाव वसवायचं, विहिरी खणायच्या, घरं बांधायची, माणसं आणायची, असा तो खेळ. चित्रं काढणारा तिचा जोडीदार लोकेश मध्येच बेंगळुरूला नोकरीवर निघून गेला, त्यामुळे खेळातल्या निम्म्या घरांना दारं होती आणि निम्म्यांना नव्हती.

"मामाजी, एक तारीख को गेम बाहर डालना है. अधुराच," पिंकी म्हणाली. "लोक खेळतील, सांगतील, मग मी सुधारेन. पण त्याआधी तुम्ही खेळा आणि लिहून द्या. क्या अच्छा है, क्या खराब है."

"म्हंजे निरीक्षण टीप पाहिजे तुले."

"हव, तेच."

दुसऱ्या दिवशी धर्मपाल आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बरोबर साडेदहाला लॅपटॉपसमोर बसले. बाजूला जुनी नोंदवही. पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे 'गुण' लिहिलं, उजवीकडे 'दोष'. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. पाचला त्यांनी वही मिटली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या मनाने एक तळं काढलं होतं, आणि ते कोणी रद्द केलं नव्हतं. हे मात्र त्यांनी वहीत लिहिलं नाही.

गुणांच्या बाजूला पहिल्या दिवशी एवढंच होतं: 'प्रत्येक माणसाची चाल वेगळी आहे. संध्याकाळचा उजेड उत्तम. तळ्यात बदक पोहते ते खरे वाटते.' दोषांची बाजू पानभर भरली होती. पाऊस घराच्या आत पडतो, अंगणात पडत नाही. कोंबड्यांची गणना रहिवाशांत होते, त्यामुळे शाळेत बावीस पटावर दिसतात, पैकी मुलं चार. रस्ता बांधायला मजूर लागतात आणि मजूर रस्ता असल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

"आणि स्मशानाले जागा नाही," ते म्हणाले.

"मामाजी, मरनेका काम अजून केलंच नाही मी. गावात कोणी मरत नाही."

धर्मपालांनी चष्मा पुसला आणि लिहिलं: 'मरण नाही हे मान्य. तरी जागा राखीव ठेवावी.'

चौथ्या दिवशी शालिग्राम टाकीवर चढला.

गावातल्या माणसांना नावं लागत होती, आणि पिंकीने ती खालच्या फाटकाजवळच्या नावांच्या पाटीवरून उचलली होती. शालिग्राम हा गावातला सुतार. पांढरा सदरा, थोडं वाकून चालणारा. धर्मपालांनी गावाच्या एका कडेला पाण्याची टाकी उभारली, ती नेमकी तो उभा होता त्या जागेवर. टाकी जमिनीतून वर आली आणि शालिग्राम तिच्याबरोबर वर गेला. तिथून उतरायला काही नव्हतंच. खेळात शिडीच नव्हती.

पिंकीने गावात एक नियम घातला होता, आणि तो तिचा फार लाडका होता: कोणी अडचणीत सापडला की शेजाऱ्यांनी जमेल तितकं जवळ जाऊन उभं राहायचं. त्याप्रमाणे शेजारी आले. शेजाऱ्यांची काळजी वाटून त्यांचे शेजारी आले. अर्ध्या तासात त्रेचाळीस माणसं टाकीखाली माना वर करून उभी होती, कोंबड्या वेगळ्या. शेत तसंच पडलं, भट्टी विझली, धान्य संपलं. सगळ्यांच्या डोक्यावर भुकेची लाल खूण लागली, पण मरण नसल्यामुळे कोणी हललं नाही.

"टाकी डिलीट करा न, मामाजी," पिंकी पलीकडच्या खोलीतून म्हणाली. "सिंपल है."

"माणूस वर हाय न."

"मग त्याला डिलीट करा."

धर्मपाल खुर्चीतून उठलेच. "असं कसं बोलून राहिली तू? त्याले काय म्हनू, तुझी फाइल बंद?"

पिंकीच्या खोलीतून पुन्हा कीबोर्डची टकटक सुरू झाली. तिला वीस दुसऱ्या चुका निस्तरायच्या होत्या. धर्मपालांनी लिहिलं: 'दोष: टाकीस शिडी नाही. गुण: शेजारधर्म उत्तम.'

ही बातमी बाहेर कशी गेली ते पुढे कोणालाच नीट सांगता आलं नाही. खालच्या माळ्यावरच्या कांताबाई पिंकीकडून नेलेली वाटीभर साखर परत करायला आल्या, पडद्याकडे बघत दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि "अरे देवा, उतरवा न त्याले कोणी," म्हणत गेल्या, एवढं खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दारावर जोरात थाप पडली. दारात चौथ्या माळ्यावरचे शालिग्राम वैरागडे उभे होते. रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, थोडं वाकून चालणारे. एकाच जिन्याने सहा वर्षं ये-जा करूनही दोघांमध्ये नमस्तेपलीकडे शब्द झाला नव्हता.

"गजभिये भाऊ, हे काय लावलं तुम्ही? दूधवाला मले विचारून राहिला, उतरले का म्हणे! वॉचमन हसते. मी कधी टाकीवर चढलो? माझे गुडघे पाहा!"

धर्मपाल शरमले. पिंकी बाहेर आली, "सॉरी अंकल, नाव बदलून टाकते," म्हणाली.

"आधी दाखवा मले," वैरागडे म्हणाले.

त्यांना खुर्ची दिली. ते पडद्याजवळ वाकले. टाकीवरचा शालिग्राम एका कडेला जाई, खाली वाकून पाही, मागे वळे, दुसऱ्या कडेला जाई. वैरागड्यांनी हे पाच-सहा वेळा पाहिलं.

"किती दिवस झाले याले?"

"गावातले म्हणाल तर अठरा."

"पाणी?"

"टाकी भरली हाय."

"आन् खाली इतके लोक याच्यासाठीच उभे हायत?"

"त्रेचाळीस."

वैरागड्यांनी खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "मी बत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसलो, भाऊ. एकदा बिल्हा टेशनाच्या आऊटर सिग्नलले गाडी नऊ तास उभी होती. कोणी विचारलं नाही." त्यांनी टाकीवरच्या शालिग्रामकडे बोट केलं. "नाव राहू द्या. बदलू नका."

त्या दिवसापासून वैरागडे रोज साडेदहाला यायला लागले. त्यांच्या मागे कांताबाई आल्या, मग पहिल्या माळ्यावरची सोनिया आपलं बाळ घेऊन आली, मग सिलतऱ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा सचिन, जो दिवसा झोपायचा सोडून यायला लागला. घरात खुर्च्या चारच. लोक आपापल्या खुर्च्या आणायला लागले आणि न्यायचं विसरायला लागले. कांताबाई चहा करीत, सोनियाकडून तांदळाच्या पिठाचा गरम फरा येई. धर्मपालांनी दीड ते दोनची सुट्टी मोडली नाही, पण आता त्या अर्ध्या तासात सहा माणसं जेवत.

सल्ले फार येत. "गादी टाका खाली, उडी मारन तो," असं सचिनचं मत. कांताबाई म्हणत की त्याच्या बायकोला आणा, ती बरोबर उतरवेल. त्याचं लग्नच झालेलं नाही हे कळल्यावर त्या दोन दिवस त्याच चिंतेत होत्या.

शेवटी धर्मपालांनी ठरवलं, की लोक टाकी सोडत नाहीत तर गावच टाकीकडे न्यावं. भट्टी टाकीच्या उत्तरेला, विहीर दक्षिणेला, भोवती गोलाकार घरं, आणि जुन्या रायपूरच्या गोल बाजारात असतात तशी दाटीने दुकानं. उभ्या उभ्या माणसं पीठ मळायला लागली, मान वर आणि हात कामात. धान्य भरलं. भुकेच्या लाल खुणा गेल्या. वरच्या कोपऱ्यात गावाच्या समाधानाचा आकडा असे. तो चौऱ्याण्णववर गेला.

पिंकी धावत आली. "चौऱ्याण्णव? मामाजी, मी स्वतः साठच्या वर कधी गेले नाही! काय केलं तुम्ही?"

"ले-आउट केला," धर्मपाल म्हणाले. आवाज साधा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण कान लाल झाले होते.

एक तारखेला तीन दिवस उरले तेव्हा पिंकीने जाहीर केलं की शिडी तयार झाली. वही वाचून तिने पाऊस अंगणात आणला होता, कोंबड्यांना शाळेतून काढलं होतं, रस्ते पुरे केले होते. शिडी तेवढी बसवायची राहिली होती.

"बसवू?" तिने विचारलं.

सचिन म्हणाला, उतरला तर सगळे पांगतील. समाधान खाली येईल. कांताबाई म्हणाल्या, अन् आपण? आपण उद्या कायले यायचं? हे त्या बोलून गेल्या आणि लगेच चहाचे कप गोळा करायला लागल्या.

धर्मपालांनी वैरागड्यांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, भाऊ. नाव तुमचं हाय."

वैरागडे त्या दिवशी का कोणास ठाऊक नवा शर्ट घालून आले होते. ते म्हणाले, "उतरू द्या. आपल्या करमणुकीसाठी माणूस वर ठेवायचा का?"

पिंकीने शिडी बसवली. टाकीच्या बाजूला ती पिवळी, बारीक उभी राहिली. शालिग्राम कडेला आला. त्याने खाली वाकून पाहिलं. सोनियाने बाळाला उचलून पुढे धरलं. आणि शालिग्रामने पाय टाकायच्या आतच खालून पहिला माणूस शिडी चढायला लागला. त्याच्या मागे दुसरा, मग भट्टीवाली, मग शाळेतली चारही मुलं.

"अरे, हे काय करून राहिले?" वैरागडे ओरडले.

पिंकीने कपाळाला हात लावला. "जवळ जाऊन उभं राहायचं, हा नियम आहे न... आतापर्यंत खालीच जवळ होतं. आता रस्ता झाला. ओ गॉड."

त्रेचाळीस माणसं एकामागून एक वर गेली. त्यांच्या मागे कोंबड्या, प्रत्येक पायरीवर फडफड करीत. गाव खाली मोकळं पडलं, दुकानांत कोणी नाही, तळ्यात एकटं बदक. टाकीवर खांद्याला खांदा लावून सगळे उभे, आणि मधोमध शालिग्राम, ज्याला आता हलायलाही जागा नव्हती. समाधानाचा आकडा शंभरवर गेला. पिंकीने तो आकडा शंभरापर्यंत जाईल असा बनवलाच नव्हता, त्यामुळे शेवटचं शून्य चौकटीच्या बाहेर लोंबत होतं.

वैरागडे हसायला लागले. हसता हसता त्यांनी नव्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "चढले न बाप्पा सगळे!" ते म्हणाले. "घ्या! चढले!"

पिंकी मात्र भिंतीला टेकून जमिनीवर बसली. "तीन दिवसांत हे नाही सुधरणार, मामाजी. लोक खेळतील आणि त्यांचं पण गाव टाकीवर जाईल. मैं क्या लिखूँ? माझ्या गेममधले लोक टाकीवर राहतात?"

"अधुरा हाय असं लिहिणारच होती न तू?"

"हव."

"मंग हेही लिही. लपवू नको." धर्मपालांनी वही पुढे ओढली. दोष आणि गुण यांच्यामधली रेघ त्यांनी बराच वेळ पाहिली. मग रेघेवरच, दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं येईल असं लिहिलं: 'शिडी बसवल्यावर सर्व रहिवासी वर गेले.'

एक तारखेला खेळ बाहेर गेला. पिंकीने धर्मपालांची टीप जशीच्या तशी, भाषांतर करून, खेळाच्या वर्णनाखाली जोडली. पहिल्या आठवड्यात फार लोक आले नाहीत. जे आले त्यातल्या एकाने रागाने लिहिलं की हा खेळ नाही, गोंधळ आहे. कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईने लिहिलं, की माझे साठ लोक वर आहेत, बर्फ पडतो आहे, काय करू? पिंकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा खोलीत सगळे होते. कोणी खुर्च्या परत नेल्या नव्हत्या.

"बर्फात?" कांताबाई म्हणाल्या. "अन् पोट्टे हायत वर?"

"कठडा पाहिजे," धर्मपाल म्हणाले. "टाकीले चारी बाजूंनी कठडा. आधीच पाहिजे होता, माझ्या ध्यानात आलं नाही."

"किती उंच?" पिंकीने विचारलं.

वैरागडे उठून उभे राहिले आणि हात छातीच्या खाली आडवा धरला. धर्मपालांनी कपाटातून स्टीलचा टेप आणला आणि तिथपर्यंतचं माप घ्यायला खाली वाकले.