टेपखालचे बटण

मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नव्हे, भिंतीवरचे. कोलशेत गावात राघोकाकांच्या बाहेरच्या खोलीत, दाराच्या उजव्या बाजूला, मला त्यांनीच बसवले. तेव्हा ते मिठागरावर काम करत. संध्याकाळी मिठाने भेगाळलेला त्यांचा अंगठा माझ्यावर पडे, खट् आवाज होई आणि खोली उजळे. तीस वर्षे त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. अंधारातही त्यांचा हात बरोबर माझ्यापाशी येई. मला ते पुरेसे होते.

मग अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. त्यांची मुलगी दर्शना हिने बोललेले ऐकणारी एक पेटी आणली, आणि त्या पेटीचे ऐकणारा दिवा. त्या दिव्याला वीज माझ्यातूनच मिळे; त्याने पेटीचे ऐकावे, तर मी कायम चालू राहायला हवे होते. म्हणून दर्शनाने माझ्यावर पांढरी टेप चिकटवली आणि लिहिले, 'हात लावू नये'.

मित्रांनो, खरे सांगतो, मी त्या पेटीवर जळलो. काका दिवसभर तिच्याशीच बोलत.

"बत्ती पेटव," पहिल्या दिवशी ते कसेबसे म्हणाले. पेटीला ऐकू आले 'भट्टी'.

"जवळपास दोन भट्ट्या आहेत," पेटी नम्रपणे म्हणाली.

"आता दारू पाजतंय का काय गो मना?" काका अर्ध्या तोंडाने हसले. दर्शनाही हसली, कितीतरी आठवड्यांनी. तीस वर्षांत मी त्यांना एकदाही हसवले नव्हते.

हळूहळू त्यांची 'बत्ती' स्वच्छ ऐकू येऊ लागली. हात मात्र मांडीवर तसाच पडून राही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या निशाताईंनी एक दिवस टेप पाहिली.

"हे कोणी लावलं?"

"मीच. बाबांना उठायला लागू नये म्हणून."

"अगं, उठायलाच लागलं पाहिजे त्यांना! सगळं आयतं मिळाल्यावर हात कशाला हलेल?"

दर्शनाने नखाने टेप सोलून काढली.

त्यानंतर दर्शना मला दुपारपासून बंद ठेवू लागली. तिने लावून दिल्याप्रमाणे रोज संध्याकाळी साडेसहा वाजता पेटी म्हणे, "राघोकाका, बटणापर्यंत चला." काका लबाडी करून तिलाच म्हणत, "बत्ती पेटव."

"दिवा सापडत नाही," पेटी उत्तर देई. तेव्हा मला झालेला आनंद मी लपवत नाही.

मग ते भिंत धरून येत. हात छातीपर्यंत चढे आणि पडे. पुन्हा चढे. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी तो माझ्यापर्यंत पोचला. खट्.

"बघ, पेटली!" काका ओरडले. पेटीकडे बघून! अंगठा माझ्यावर आणि बोलणे तिच्याशी.

माघात काका गेले. दुसरा झटका आला, आणि दोन दिवसांत सारे संपले.

पेटी अजून साडेसहाला त्यांना हाक मारते. ती हाक बंद करणे दर्शनाला सहज जमेल. ती करत नाही. उठते, भिंतीला हात लावत येते आणि मला दाबते. माझ्या कडेला काकांच्या अंगठ्याचा मळकट डाग आहे. सगळे घर पुसणाऱ्या दर्शनाने तो पुसलेला नाही. पेटीकडे त्यांचे नाव राहिले, माझ्याकडे अंगठा. तरी पेटी हाक मारते तेव्हा मला अजून थोडे टोचते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी हात उचलायला पुन्हा शिकत असेल, तर त्यांच्याआधी धावत जाऊन दिवा लावू नका. थोडा वेळ त्यांच्यासोबत अंधारात बसा.