रवळनाथाच्या खांद्यावरच्या मुंग्या

मनुबाईंचा आवाज इतका मऊ, की त्या रागावल्या तरी समोरच्याला वाटायचं, जेवायलाच बोलावतायत. म्हणूनच की काय, त्यांचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता. बेळगावजवळच्या कंग्राळीच्या शिवेवरच्या त्या घरात चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन आल्या, त्याच वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली, आणि त्या दिवसापासून घरातल्या चुलीवर मटण शिजलं नाही.

नवरा परशराम मात्र खाणारा माणूस. त्याच्यासाठी गोठ्याच्या कडेला वेगळी चूल होती, वेगळं पातेलं होतं, तिखटाचा डबासुद्धा वेगळा. रविवारी तिथंच बसून जेवायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. थंडीचे दिवस असले तरी सुटका नाही. "वाघाचं बरं असतंय. खाऊन सरळ गुहेत जातोय," असं परशराम कुडकुडत म्हणायचा, पण अंघोळ करायचा.

मनुबाईंचा रोजचा नेम तुळशीला एकशेआठ प्रदक्षिणांचा. दिवाळीनंतर त्यांना दम लागायला लागला आणि एकशेआठाच्या चोपन्न झाल्या. संक्रांतीला एकवीस. होळीपर्यंत अकरावर आल्या, त्यातही सातव्या फेरीला कट्ट्यावर हात टेकून उभं राहावं लागे. सुनेनं बघितलं, की म्हणायचं, "काय न्हाय गं, पानं बघूलालो."

सून सौम्या टिळकवाडीतल्या एका शाळेत शिकवायची. पोरांच्या खोड्या ओळखण्यात तिची दहा वर्षं गेलेली. एक दिवस ती म्हणाली, "आत्ती, तुळशीची पानं बघताना कुणाचे ओठ निळे पडत न्हाईत," आणि सासू-सासऱ्यांना रिक्षात घालून बेळगावात हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर भीमरत्न निपाणीचे. आईनं विड्या वळून शिकवलेला मुलगा, त्यामुळं कुणाशी कसं बोलावं हे त्यांना पुस्तकात शोधावं लागत नव्हतं. त्यांनी छाती ऐकली, फोटो काढले, आणि म्हणाले, "मावशी, हृदयाला दारं असतात. तुमचं एक दार गंजलंय. उघडत न्हाई नीट. रक्त बाहेर पडताना खेटाखेटी करतंय. ते काढून नवं बसवायला पायजे."

"आणि न्हाय बसिवलं तर?"

"तर पुढच्या दिवाळीचं मी काय सांगू शकत न्हाई."

परशरामाच्या हातातली टोपी खाली पडली. मनुबाईंनी ती वाकून उचलली, झटकली आणि त्याच्या हातात दिली. मग विचारलं, "नवं दार कशाचं असतंय?"

इथं डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढं ओढली. धातूचं असतं, पण त्याला जन्मभर रक्त पातळ करायची गोळी लागते. आणि मनुबाईंच्या पोटात, उपासांवर उपास करून करून, आधीच अल्सर झालेला. एकदा त्यातून रक्तही गेलेलं. तेव्हा धातू नको. राहिलं जनावरापासून बनवलेलं. "ते दोन तऱ्हेचं. एक डुकराचं. दुसरं गाईगुरांचं."

मनुबाईंनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

"मावशी, तुम्ही एकट्या न्हाई," डॉक्टर हसू दाबत म्हणाले. "गेल्या महिन्यात एक हाजीसाब आले होते. ते म्हणाले, डुक्कर सोडून काय बी घाला. त्यांच्या मौलवींनी तर सांगितलं होतं, दुसरा इलाज नसला तर तेबी माफ आहे. एक जैन आजी आल्या, त्यांना दोन्ही नको. त्या महाराजांना विचारायला गेल्या, तिथून मला फोन आला, की जनावर मुद्दाम आजींसाठी मारलंय का? तुमचं आणि हाजीसाबांचं आपलं सोपं आहे, त्यांना डुकराचं नको, तुम्हाला गाईचं. दोघं एकाच दिवशी आला असता तर एकमेकांचं बदलून घेतलं असतं."

"तुमच्यात काय म्हणत्यात, डॉक्टर?" मनुबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आमच्यात असं, मावशी, आधी बघायचं दुःख कमी होतंय का. पण छाती तुमची. होकार तुमचाच लागणार."

घरी आल्यावर परशरामाला राहवेना. "अगं, विष्णूनं वराह अवतार घेतला तवा कुणाला इच्यारलं हुतं काय? पृथ्वी बुडूलालती, घेतला!"

"देवानं अवतार घेतला. माझ्या छातीत न्हाय घेतला."

"मग गाईचं घे."

"गोठ्यातल्या कपिलेला उद्या सकाळी काय तोंड दाखवू?" मनुबाई म्हणाल्या. "एक पूजेचं, एक उकिरड्यावरचं. चव्वेचाळीस वर्सं तुमाला उंबऱ्याभाईर अंघोळ कराय लावलो, आणि आता मीच आतनं बाटू व्हय?"

परशरामाचे डोळे चमकले. "तर काय! आता रोज गोठ्याकडंच तुझं ताट वाढायचं. मी हाय की सोबतीला."

सौम्या तोंडाला पदर लावून आत पळाली. मनुबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "रवळनाथाला कौल लावूया. देव म्हणंल तसं."

रवळनाथ हा ग्रामदेव, आणि त्याच्या कौलाची रीत गावात सगळ्यांना ठाऊक. गुरव देवाला स्नान घालतो, दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पोरीचं लग्न, विहिरीची जागा, भावकीतली वाटणी, सगळं त्या दोन पाकळ्यांवर ठरलेलं. देवाच्या तोंडून आलं म्हटल्यावर वाद नाही.

आणि इथंच मनुबाईंच्या हातून ते घडलं, ज्याबद्दल पुढं त्या कितीतरी एकादश्या देवाची क्षमा मागत राहिल्या.

कौलाच्या आदल्या दिवशी, दुपारी देऊळ रिकामं बघून, त्या भावकू गुरवाकडे गेल्या. भावकू म्हणजे भिडस्त माणूस. त्याच्यानं भिकाऱ्यालासुद्धा नाही म्हणवत नसे. असेल त्यातलं अर्धं देई आणि अर्ध्याबद्दल माफी मागे.

"भावकू," मनुबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "उद्या उजवी पाकळी जरा नीट बसीव रं. वाऱ्यानं उगंच पडंल."

"आक्का, देवळात वारं कुठलं?"

"माझं वय झालंय भावकू. माझ्या मनासारखं कर."

भावकूनं मान डोलावली. मनुबाईंनी देवाकडे बघितलं नाही. नजर फरशीवर ठेवूनच त्या बाहेर आल्या. मनाला त्यांनी समजावलं, की देवाला आपण फसवत नाही, त्याचं काम हलकं करतोय. डुकराचं दार नको, हे काय देवाला कळत नसेल? मग त्यानं नकार दिला काय आणि आपण देवविला काय! हे मनाला पटलं. फक्त पायांना पटलं नाही. ते मागच्या आडवाटेनं घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात चार माणसं. मनुबाई, परशराम, शाळेला अर्धी रजा टाकलेली सौम्या, आणि भावकू. भावकूनं देवाला स्नान घातलं. तांबड्या फुलाच्या दोन पाकळ्या घेतल्या, पाठ करून बराच वेळ काहीतरी केलं, आणि मग गाऱ्हाणं सुरू झालं. "व्हय म्हाराजा! मनुबाईच्या काळजाचं दार बदलायचं का न्हाय, ते तू सांग. व्हय असंल तर उजवी दे, न्हाय असंल तर डावी दे..."

पाच मिनिटं गेली. देव काही देईना.

मनुबाई डाव्या पाकळीकडे बघत होत्या. ओली पाकळी, गुळगुळीत दगड, किती वेळ टिकणार? एव्हाना पडायला हवी होती.

दहा मिनिटं झाली. भावकूच्या कपाळावर घाम आला. त्यानं गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं, या खेपेला थोडं चढ्या आवाजात. पाकळ्या ढिम्म.

"देव इचार करूलालाय," परशराम घसा खाकरून म्हणाला. तो उजव्या पाकळीकडे असा बघत होता, की नजरेनंच तिला ओढून काढील.

मनुबाईंनी ती नजर टिपली. नवरा नुसती वाट बघत असला की कान खाजवतो. आता तो कान खाजवत नव्हता. दोन्ही हात मागं बांधून शहाण्या पोरासारखा उभा होता. चव्वेचाळीस वर्षांत असा तो दोनदाच उभा राहिलेला. दोन्ही वेळा मटणाचा डबा चुकून आतल्या फळीवर गेलेला.

तेवढ्यात सौम्या म्हणाली, "आत्ती, देवाच्या खांद्यावर मुंग्या."

बघतात तर खरंच. गाभाऱ्याच्या कोपऱ्यातून तांबड्या मुंग्यांची ओळ निघालेली, देवाच्या पायावरून कमरेपर्यंत सरळ, आणि तिथून दोन फाटे. एक उजव्या खांद्याकडे, एक डाव्या. दोन्हीकडे गर्दी सारखीच. पाकळ्यांच्या कडेनं काहीतरी चकाकत होतं.

"भावकू," मनुबाई म्हणाल्या, "पंचामृतातला मध कुठं हाय?"

भावकू मटकन खाली बसला. "आक्का, मी काय करू? तुमी सांगितलासा उजवी पडू देऊ नको. तुमी गेलासा आणि घटकाभरानं हे परशरामआण्णा आलते. ते म्हणाले, डावी पडली तर तुझं तोंड बघणार न्हाय. कुणाचं ऐकू आणि कुणाचं न्हाय? मध तेवढा एकच वाटी हुता, दोघांना सारखा लावला."

मग पहिल्यांदा मनुबाईंनाच हसू फुटलं. त्यांचं हसणंसुद्धा मऊ. खांदे हलतात फक्त. परशराम हसला, सौम्या तर खांबाला धरून हसत होती. पण मनुबाईंचं हसू मध्येच तुटलं. हवा आत गेली ती बाहेर येईना. ओठ निळे पडले, आणि त्या पायरीवर बसल्या. परशराम गुडघ्यावर येऊन त्यांची पाठ चोळायला लागला. सौम्यानं रिक्षावाल्याला फोन लावला. मुंग्या आपलं काम करत होत्या.

बऱ्याच वेळानं मनुबाईंना श्वास मिळाला. त्या नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "मला डुकराचं भ्या न्हाय वो. छाती फाडत्यात, त्याचं भ्या वाटतंय."

"मलाबी," परशराम म्हणाला. डोळे पुसायला त्यानं टोपी वापरली. "तू गेलीस तर मला अंघोळ कर म्हणून कोण सांगंल?"

मनुबाई मान वळवून देवाकडे बघत राहिल्या. कालपासून पहिल्यांदाच. रवळनाथ दोन्ही खांद्यांवर मुंग्या घेऊन नेहमीसारखाच उभा होता. राग दिसला नाही. तुमचं तुम्ही निस्तरा म्हणून त्यानं ते त्यांच्याच ओटीत टाकलं होतं.

"बसवून घेतो," त्या म्हणाल्या. "डुकराचं. कपिलेपुढं तोंड लपवायला नको. पण माझी एक अट हाय."

"शंभर सांग!" परशराम घाईनं म्हणाला, आणि त्याचं चुकलं ते तिथंच.

"माझ्यात एक डुक्कर येणार. घरात तेवढंच बास. तुमी माळ घालायची."

परशरामानं भावकूकडे बघितलं. भावकूनं देवाकडे बघितलं. "देवासमोर शंभर म्हणालासा, आण्णा," सौम्या हळूच म्हणाली. "मी साक्षीला हाय."

मनुबाईंना टेबलावर घेण्याआधी परशरामाच्या गळ्यात माळ पडली होती. डॉक्टर भीमरत्नांनी ती बघितली आणि म्हणाले, "ऑपरेशन दोघांचं झालं म्हणायचं."

तीन महिन्यांनी मनुबाई तुळशीला चोपन्न फेऱ्या घालत होत्या, मध्ये न थांबता. रविवार होता. शेजारून मटणाच्या फोडणीचा वास भिंतीवरून आला आणि अंगणात पसरला. पायरीवर माळ चाचपत बसलेल्या परशरामाचं नाक आपोआप भिंतीकडं वळलं.

चोपन्नावी फेरी संपवून मनुबाई त्याच्याजवळ येऊन थांबल्या. छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, एक दीर्घ, निवांत श्वास आत घेतला.

"काय वो," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आज हा वास मला एवढा ग्वाड का लागूलालाय?"

परशराम टकामका बघतच राहिला. मनुबाईंचे खांदे हलले, आणि त्या पंचावन्नाव्या फेरीला लागल्या.