दार लावून थापलेली भाकरी

ईरानं अंगणात स्कूटर लावली तशी सेजलनं सवयीनं आधी रस्त्याकडे पाहिलं. मग तिला आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

सेजलची सासू काशीबाई खुर्चीवर बसली होती. समोर चौरंगावर परात, परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं, आणि परातीत तांदळाची उकड. कोपऱ्यात चूल धुमसत होती. पावसाळ्याआधी अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. आता तोच हात उकडीत रुतत होता, दाबत होता, मध्येच विसरल्यासारखा थांबत होता.

"उजव्यानं, मावशी. डाव्याला लबाडी करू देऊ नका."

"डावा सवतीसारखा हाय बाय. न बोलावता पुढं येतो."

ईरा हसली, पण तिचं लक्ष त्या कडीकडे होतं. शिवथरला ती पहिल्यांदा आली तेव्हाच सेजलनं अट घातली होती, "मॅडम, जे काय करायचं ते दार लावून. दुखणाईत सासूला कामाला जुंपली असं गावात झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाय." त्याआधी ती सासूला घाससुद्धा स्वतः भरवायची. मायेनंच. त्या मायेनं हात कायमचा आखडेल, हे पटवता पटवता ईराच्या तोंडाला फेस आला होता.

ऑक्युपेशनल थेरपी हे नाव तर इथे कुणाच्या जिभेवर बसतच नव्हतं. परवा पोलादपूरच्या शिबिरात तिनं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं की जेवणं, बटण लावणं, भाकरी थापणं ही रोजची कामंच आम्ही परत शिकवतो, आणि त्यातूनच माणूस सावरतो. शेवटी आभार मानणाऱ्यानं "मालिशवाल्या ताईंचे" आभार मानले. टाळ्याही पडल्या.

काशीबाई सुधारतेय हे गावाला दिसत होतं. श्रेय मात्र सेजलच्या नवऱ्यानं मुंबईहून आणलेल्या करंटच्या मशीनला गेलं होतं, आणि ते मशीन अजून थर्माकोलमधून निघालंही नव्हतं. ईराला गप्प बसावं लागे. पेशंटची गोष्ट पेशंटच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायची नाही, हा नियम तिला मोडायचा नव्हता.

दारावर थाप पडली. "सेजल! मी आवडी गो!"

सेजलनं घाईनं परातीवर सूप झाकलं आणि कडी काढली. शेजारची आवडी आत आली. तिच्या नवऱ्याला, रामजीला, महिन्यापूर्वी असाच झटका आला होता.

"तुमचं ते मशीन दे गो चार दिस. काशीवैनीला केवढा गुण आलाय! आमचा नुसता पडून हाय. मीच भरवते, मीच पुसते."

सुरुवातीचे हे महिने हातचे गेले तर रामजीचा हात परत मिळणं फार अवघड होतं. ईरानं परवानगी मागितल्यासारखं काशीबाईकडे पाहिलं. सेजल तर खोका आणायला आत गेलीसुद्धा.

"आवडे, बस," काशीबाई म्हणाली. "भाकर खाऊन जा." आणि तिनं सूप बाजूला सारलं.

"अगो बाय! सुनेनं कामाला लावली तुला?"

खोका घेऊन आलेली सेजल उंबऱ्यातच थिजली.

"ती तर नको नको म्हणते. या बाईनं लावली. मशीनला तर कुणी हातपण लावला नाय, बघ त्याची चिकटपट्टी." बोलता बोलता काशीबाई थापू लागली. भाकरी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटकी झाली.

आवडीनं चिकटपट्टीवर बोट फिरवून पाहिलं. मग तिनं सेजलच्या हातातला खोका काखेत मारला. "तरी नेते. घरात असलेला बरा."

ईराला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. पण तिनं विचारलं, "आवडीताई, रामजीभाऊ आधी रोज काय काम करायचे?"

"गाईची धार काढायचे. दुसऱ्या कुणाला धड जवळ येऊ देत नाय ती."

"मग उद्या धारेच्या वेळेला येते मी. मला गाय बघायचीय."

आवडी काशीबाईकडे वळली आणि ईराला ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजली, "वैनी, ही खरंच शिकलेली हाय ना? पडलाय माझा नवरा. गाय ठणठणीत हाय!"

ईरानं निघण्यासाठी उचललेलं हेल्मेट खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आवडीनं अर्धं ऐकलं, अर्धं नाही.

"ये तर ये," जाताना ती म्हणाली. "पण लांबून बघ. मारकी हाय."

सेजल कडी घालायला उठली.

"राहू दे उघडं," काशीबाई म्हणाली. "धूर कोंडतो."