पाण्यावरचा पाहुणा

पापुद्रेबाईंचं खरं आडनाव वेगळं होतं, पण प्रयोगशाळेत ते फक्त पगाराच्या दिवशी कोणाला आठवायचं. बावीस वर्षं त्या एकच काम करत होत्या: माणसांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसले, की त्यांचे पापुद्रे काढायचे. इतके पातळ, की त्यांच्यापुढे केस म्हणजे ओंडका. पापुद्रा कोमट पाण्याच्या तसराळ्यात सोडायचा, सुरकुत्या गेल्या की काचेवर अलगद उचलायचा, रंगवायचा आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचा. पुढे त्या माणसाचं काय होतं हे त्या विचारत नसत. विचारणार तरी कोणाबद्दल? खाली नुसता नंबर यायचा. नावं वरच्या कपाटात.

ह्या कामात एक चूक अशी आहे, की ती बाहेरच्या माणसाला स्वप्नातही सुचणार नाही. एकाचा पापुद्रा उचलला की पाण्याचा पृष्ठभाग कागदाने पुसून घ्यायचा असतो. नाही पुसला, तर आधीच्या माणसाची एखादी चिंधी तिथे तरंगत राहते आणि पुढच्या माणसाच्या काचेवर जाऊन बसते. प्रयोगशाळेत तिला ‘पाहुणा’ म्हणत. अशा एका पाहुण्यापायी धडधाकट माणसाचं पोट फाडलं जाऊ शकतं. पापुद्रेबाईंच्या पाण्यावर बावीस वर्षांत पाहुणा आला नव्हता. ह्याचा त्यांना अभिमान होता आणि बाकीच्यांना वैताग.

घरी मात्र त्यांच्या हातचं काहीच धड नसायचं. घरी नणंद होती. लग्न न केलेली, छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेली, आणि नोकरी सुटली म्हणून तपासणं कशाला सोडायचं, अशा मताची.

“वहिनी, हे बटाटे चिरलेस की चेचलेस? तिकडे म्हणे केसापेक्षा बारीक कापतेस. घरी आल्यावर हाताला काय होतं?”

“तिकडची माणसं बोलत नाहीत, वन्सं. म्हणून हात चालतो.”

पापुद्रेबाईंचे यजमान ह्या दोघींच्या मध्ये वर्तमानपत्र धरून म्हातारे झाले होते.

अशात वन्संच्या गळ्याशी, हाडाच्या जरा वर, गाठ आली. सर्जनने ती काढून बरणीत घातली आणि तपासणीला पाठवली. शहरात तपासणीची जागा एकच. म्हणजे कुठल्यातरी नंबराखाली ती पापुद्रेबाईंच्याच टेबलावर येणार होती.

“काय करता गं तुम्ही त्या गाठीचं?” जेवताना वन्संनी मानेवरची पट्टी चाचपत विचारलं.

“आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात. अंडं उकडल्यावर घट्ट होतं ना, तशी पेशींमधली प्रथिनं घट्ट होतात. जी पेशी जशी असेल तशी थिजते. मग स्पिरिटने पाणी काढायचं. त्याच्या पुढच्या औषधात चरबीही विरघळून जाते.”

“चरबी जाते? आधी सांगायचंस. मी अख्खीच बसले असते बरणीत.”

“तिच्या जागी नुसती पांढरी भोकं दिसतात. मग रंगवायचं. केंद्रक जांभळं होतं, बाकी सगळं गुलाबी. त्या जांभळ्यात तुमचा मजकूर असतो. तुमचं नाक कसं, रक्त कसं, सगळा. आणि पेशीपेशीत त्याची अख्खी प्रत.”

वन्संचा घास थांबला. “अब्जावधी प्रती? आणि तपासतं कोण?”

“पेशीच तपासते. एकीच्या दोन होताना नक्कल उतरते. चुकलं की दुरुस्त करते.”

“सगळं दुरुस्त होतं?”

पापुद्रेबाईंनी भांडी उचलायला घेतली.

“नाही होत,” वन्सं स्वतःच म्हणाल्या. “छापून झाल्यावर दिसतं.”

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी पापुद्रेबाईंना वर बोलावलं आणि “बसा” म्हणाल्या. बावीस वर्षांत हा शब्द त्या खोलीत प्रथमच उच्चारला गेला होता, त्यामुळे पापुद्रेबाईंना पुढचं अर्धं तिथेच कळलं.

“ही गळ्याची गाठ. आडनाव तुमचं दिसलं.”

“माझी नणंद.”

“बघा.”

पापुद्रेबाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. मोहरी सांडावी तशा बारीक, गोल, जांभळ्या पेशी. गाठीत असाव्यात तशाच. पण एका कोपऱ्यात एक पुंजका होता. मोठमोठ्या पेशी, प्रत्येकीचं केंद्रक वेगळ्या मापाचं, एका पोकळीभोवती कोंडाळं करून बसलेल्या. त्यांचं तिथे काही काम नव्हतं.

“पोटातून आल्या असाव्यात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“पाहुणा असेल.”

“तुमच्या पाण्यावर?”

“आधीचा ठोकळा आतड्याचा होता. वाईट होता तो. त्याचाच तुकडा असणार.”

“पुसलं नव्हतंत?”

पुसलेलं पापुद्रेबाईंना लख्ख आठवत होतं. कागदाची घडी उलटून दोनदा पुसलं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “फोन आला मध्येच.”

कामावर त्या फोन कपाटात ठेवतात हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी भिंग जरासं वरखाली केलं. “पाहुणा वर बसलेला दिसतो. हा गाठीच्याच पातळीत आहे.”

“कधीकधी पाहुणाही असतो.”

“कधीकधी असतो,” डॉक्टरीणबाईंनी मान्य केलं. “चूक झाल्याचा फॉर्म भरा. त्याच ठोकळ्याचे आणखी खोलवरचे पापुद्रे काढा. मग बघू.”

फॉर्मवर तीन रकाने होते: चूक कोणाची, कशामुळे झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. पापुद्रेबाईंनी ते सुवाच्य अक्षरात भरले. इतक्या आशेने कोणी स्वतःवर आळ घेतला नसेल. ठोकळे बसवणाऱ्या मेणकाकांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“बाई, तुम्ही पण? मग आम्ही माणसंच की हो!” आनंदाच्या भरात त्यांनी चहा मागवला. पापुद्रेबाईंनी तो प्यायला. आतड्याच्या नंबरमागेही कोणीतरी घरी निकालाची वाट बघत असेल, हे त्यांच्या मनात आलं. पण त्याचं तर वाईटच होतं, त्याला आणखी चार पेशी जड नव्हत्या. असा हिशेब त्यांनी केला, आणि तो केल्याचं त्यांना विशेष काही वाटलंही नाही.

घरी त्यांनी सांगून टाकलं. “वन्सं, काचेत घोळ झालाय. माझ्याकडून पाणी पुसायचं राहिलं. पुन्हा कापावं लागेल.”

“असू दे,” वन्सं म्हणाल्या. “होतं असं.”

यजमानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. बहिणीच्या तोंडून हे वाक्य त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. त्या रात्री बटाट्यांबद्दलही कोणी काही बोललं नाही.

ज्याची चूक त्याने पुन्हा कापायचं नाही, ह्या नियमाप्रमाणे शुक्रवारी मेणकाकांनी कापायचं होतं, पण त्यांचा हात पात्यावर बसलेला नव्हता. पापुद्रेबाईच बसल्या. तसराळं घासलं, पाणी बदललं, नवं पातं लावलं. त्या पाण्यावर दुसऱ्या कोणाला उतरू दिलं नाही. वरचे वीस पापुद्रे टाकून दिले आणि एकविसावा उचलला. एकही सुरकुती नाही. रंगवून झाल्यावर त्यांनी तो खालीच, मेणकाकांच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली धरला. ते त्यांचं काम नव्हतं.

पुंजका होता. एकाचे तीन झाले होते. एक पेशी तर दुभंगता दुभंगता फॉर्मालिनमध्ये सापडलेली: जांभळे धागे दोन टोकांना ओढले जात होते, आणि तेही दोन्हीकडे सारखे नाहीत. ही एक थिजली होती. वन्संच्या अंगात उरलेल्यांना कोणी थांबवलेलं नव्हतं.

वर डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग टेबलावरचा फॉर्म उचलला. “हा फाडते मी.”

“फाडा.”

मेणकाकांना ते कळलं तेव्हा त्यांनी चहाचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी वन्सं खिडकीशी बसल्या होत्या.

“माझी चूक नव्हती, वन्सं,” पापुद्रेबाई म्हणाल्या. “पाणी स्वच्छ होतं.”

वन्संनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, “मेले, बावीस वर्षांत एकदा चुकायला काय झालं होतं तुला?”

पापुद्रेबाईंनी तोंड फिरवलं.

“रडू नकोस. उपचाराच्या कागदांवर सही मागतील ना आता? मी आजवर न बघता कशावरही सही केलेली नाही. मला ते दाखव.”

सोमवारी पापुद्रेबाई त्यांना घेऊन गेल्या. मेणकाकांनी स्टूल पुसून दिलं. वन्संनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला आणि मायक्रोस्कोपवर वाकल्या. त्यांचा मुद्रितावर फिरणारा अंगठा टेबलाच्या कडेवरून हळूहळू सरकत होता, ओळीमागून ओळ.

“ह्यातल्या माझ्या कुठल्या?”

“सगळ्याच.”

“त्या कोपऱ्यातल्या? वेड्यावाकड्या?”

“त्याही तुमच्याच, वन्सं.”

वन्संनी डोळा हलवला नाही. “ह्याहून मोठं दिसतं का?”

“दिसतं.”

“मग कर.”

पापुद्रेबाईंनी भिंग फिरवलं.