कोऱ्या चिठ्ठ्यांचं कपाट

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयाचा नियम साधा: एका कार्डावर एक पुस्तक, आणि ज्याच्या मागच्या चिठ्ठीवर दोन वर्षांत तारखेचा शिक्का पडला नाही, ते रद्दीत. नियम चिटणीस श्रीनिवासरावांचा. दोन हजार आठच्या मार्चमध्ये तो चालवायला ते नेमके माझ्याच कपाटापाशी आले.

माझं म्हणजे मी लावलेलं. परग्रह, यंत्रमानव, जादूची राज्यं, काळात मागे जाणारी माणसं. वर माझ्या अक्षरातली पाटी: 'ग्रंथपालांची शिफारस'. श्रीनिवासरावांना तिथे कॉम्प्युटर बसवायचा होता. रद्दीवाला पोती घेऊन दारात उभा होता.

"हे कोरं. हेही कोरं," एकेक पुस्तक मागून उघडत ते म्हणाले. "शिफारस दांडगी दिसते तुमची, पूर्णिमाबाई."

चिठ्ठ्या कोऱ्या का, हे मलाच ठाऊक होतं. एकुलतं एक कार्ड कुठल्यातरी परग्रहापायी अडकवायला कुणी तयार होईना. मग मीच सुरू केलं: कार्डावर तुमच्या खात्रीचं न्या, आणि हे माझ्यातर्फे, नोंद नाही, नाही आवडलं तर परत आणा. लोक वाचून आणून देत आणि दुसरं मागत. पण बिननोंदीचं पुस्तक दिलं म्हणून माझ्या आधीच्या ग्रंथपालांना याच गृहस्थांनी भर दुपारी घरी पाठवलं होतं. बोलले तर माझी नोकरी जाणार, गप्प बसले तर कपाट. मी गप्प बसले. स्वतःची चीड येत होती.

पहिलं पोतं भरलं.

तेवढ्यात दुर्गाबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, निवृत्त नर्स, या कपाटाच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी पिशवीतून जादूगारांच्या युद्धाची जाडजूड कादंबरी काढली. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण त्यांनी ती टेबलावर ठेवलीच.

"हे कुठल्या कार्डावर?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

दुर्गाबाईंनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरचं आहे. देणगी द्यायला आणलंय."

श्रीनिवासरावांनी शांतपणे तेविसावं पान उघडलं. आमचा गुप्त शिक्का त्याच पानावर असतो. तो होताच.

"चोरीचं पुस्तक देणगी देणाऱ्या आपण पहिल्याच, दुर्गाबाई."

हे मला ऐकवलं नाही. "मी दिलं," मी म्हटलं. "नोंद न करता. या कपाटातली सगळीच मी अशी देते."

"वा! कपाट वाचवायला छान सुचलं."

"मोजा मग."

त्यांनी मोजली. रजिस्टरात बासष्ट होती. कपाटात, पोत्यात आणि टेबलावर मिळून चव्वेचाळीस.

"अठरा गहाळ," ते म्हणाले.

"गहाळ नाहीत. लोक वाचतायत."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "सहापर्यंत अठराही इथे आली, तर कपाट राहील. तुम्ही राहाल, असं मात्र मी म्हणत नाहीये."

कुणाकडे काय आहे ते मला तोंडपाठ होतं. पहिला फोन खराडीला, अभिनवला. "मॅडम, मी ऑफिसमध्ये आहे. आणि शेवटची चाळीस पानं राहिलीयत, प्लीज!"

"रिक्षात वाच. पण सहाच्या आत ये."

पावणेसहाला सतरा पुस्तकं टेबलावर होती. सहाला पाच कमी असताना अभिनव आला आणि पुस्तक उघडं धरून दारातच थांबला.

"दोनच पानं!"

श्रीनिवासराव घड्याळाकडे बघत होते. पुस्तक हिसकावून घ्यायचं काही मला जमलं नाही. सहाला एक मिनिट उरलं असताना अभिनवने पुस्तक मिटलं आणि डोळे पुसत माझ्या हातात दिलं.

श्रीनिवासरावांनी पोतं रिकामं करायला सांगितलं. मग माझ्यापुढे हात पसरला, कपाटाच्या किल्लीसाठी.

दुर्गाबाईंनी त्याआधीच स्वतःचं कार्ड टेबलावर आपटलं आणि अभिनवचं पुस्तक पुढे ओढलं. "पूर्णिमा, हे माझ्या कार्डावर. शिक्का मार."

मी श्रीनिवासरावांकडे पाहिलं. त्यांनी शिक्का माझ्याकडे सरकवला.

कोऱ्या चिठ्ठीवर पहिली तारीख उमटली. मग मी किल्ली दिली.